ग्रीन्सबरोच्या विद्यापीठाला नाक मुरडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या परदेशी शिक्षणाच्या पुरवणीत अमेरिकेतील ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठां’ची दोन ओळींत वासलात लावलेली वाचली. ही विद्यापीठे तिथल्या कृष्णवर्णीयांसाठी राखीव असतात, क्रमवारीत मागे असतात, तेव्हा आपल्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये, असा एकूण सूर. माझी मुलगी अशाच एका विद्यापीठात शिकते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो गावचे ‘ए अँड टी’ (ॲग्रिकल्चरल अँड टेक्निकल, म्हणजे शेतकी आणि तंत्रशिक्षणाचे), तेही सरकारी. म्हणून हे पत्र.

राखीव वगैरे काही नाही. प्रवेश देताना कातडीचा रंग कोणी विचारत नाही. १९६४ पूर्वी, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थांना तिथल्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने हे नाव दिले. आज अशा शंभरेक संस्था आहेत आणि त्यांतल्या निम्म्या सरकारी आहेत. दारे बंद होती ती दुसरीकडची, म्हणून तर ही उघडावी लागली.

‘ए अँड टी’चा जन्मच पाहा. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून शेतकी आणि यंत्रविद्येची कॉलेजे काढायची, असा बेत होता. दक्षिणेतल्या राज्यांनी ती काढली, पण बहुतेक गोऱ्यांपुरती. १८९० मध्ये दुसरा कायदा आला: प्रवेशात रंग पाहू नका, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कॉलेज काढा. नॉर्थ कॅरोलायनाने दुसरी वाट धरली आणि १८९१ मध्ये कॉलेज मंजूर केले. स्वतःची जागा नव्हती, म्हणून सुरुवातीला रॅलेच्या शॉ विद्यापीठात ते चालले. मग ग्रीन्सबरोच्या नागरिकांनी १४ एकर जमीन आणि ११ हजार डॉलर उभे केले. विधिमंडळाने त्यात घातले अडीच हजार! (मुलींना तर १९२८ पर्यंत पाव शतकाहून अधिक काळ प्रवेशच नव्हता. तेही लिहायला हवे, नाहीतर आरती ओवाळल्यासारखे होईल.)

आपल्याकडची कृषी विद्यापीठे अमेरिकेतल्या याच ‘लँड ग्रँट’ धर्तीवर उभी राहिली. शिकवणे, संशोधन आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत विस्तारकार्य, ही तिहेरी कल्पना तिथूनच आली. माझी मुलगी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात शिकली. ते राहुरीच्या विद्यापीठाखाली येते. म्हणजे ती गेली ती कुठल्या परक्या परंपरेत नव्हे. पुण्यात तिने अळिंबी प्रकल्पात काम केले होते आणि तिथे गेल्यावरही ओंडक्यांवरची अळिंबीच तिच्या वाट्याला आली. तंबाखू सोडू पाहणाऱ्या लहान शेतकऱ्यांना या विद्यापीठाने शिताके अळिंबी लावायला शिकवली आहे. ओकच्या ओंडक्याला ओळीने भोके पाडायची, त्यांत स्पॉन (अळिंबीचे बियाणे) ठासायचा, वरून पातळ केलेल्या मेणाने भोक बुजवायचे आणि ओंडके सावलीत रचून ठेवायचे. पुढे महिनोन् महिने वाट पाहायची. मी गेले होते तेव्हा मलाही ब्रश देऊन मेण लावायला बसवले. एक वयस्कर शेतकरी शेजारी बसून माझे काम तपासत होते आणि एकदा ‘इथे राहिलंय’ म्हणून बोट दाखवले. पंचवीस-तीस वर्षे महापालिकेच्या शाळेत वह्या तपासल्यावर मलाही कोणी तपासले, याची मोठी मौज वाटली.

आता क्रमवारी. २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. त्यांत हिशेब असा: १९८७ ते २०२० या काळात त्या त्या राज्यातल्या जुन्या, १८६२ च्या विद्यापीठाला दर विद्यार्थ्यामागे जेवढा पैसा मिळाला, तेवढा १८९० च्या विद्यापीठांना दिला असता तर १२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम त्यांच्या हाती पडली असती. एकट्या ‘ए अँड टी’ची तूट दोन अब्जांच्या वर. इतके पैसे अडवून ठेवायचे आणि मग म्हणायचे, ‘बघा, मागे पडलात!’ हा न्याय आपल्याकडेही चांगलाच ओळखीचा आहे. महापालिकेच्या शाळांबद्दल हे मी आयुष्यभर ऐकले. तरीही आज हे देशातले सर्वांत मोठे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ आहे आणि २०२४ मध्ये विद्यार्थिसंख्या १४ हजारांच्या पुढे गेली. ‘चॅलेंजर’च्या अपघातात गेलेले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर इथलेच, १९७१ चे भौतिकशास्त्राचे पदवीधर.

१ फेब्रुवारी १९६० ला इथल्या पहिल्या वर्षाच्या चार मुलांनी, एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅककेन आणि जोसेफ मॅकनील यांनी, गावातल्या वुलवर्थ दुकानात किरकोळ खरेदी केली आणि गोऱ्यांपुरत्याच असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. खरेदीचे पैसे चालत होते, तिथे बसणे चालत नव्हते. मुले दुकान बंद होईपर्यंत उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली, आठवड्याभरात शेकड्यांनी आली. जवळच्या बेनेट कॉलेजच्या मुलीही त्यात होत्या, पण विद्यापीठाच्या आवारातले पुतळे त्या चौघांचेच. २५ जुलैला दुकानदार नमला, तेव्हा त्या काउंटरवर सर्वांत आधी खायला बसले ते दुकानातलेच कृष्णवर्णीय नोकर. ते दुकान आता संग्रहालय आहे. काउंटरचा बराचसा भाग आणि स्टुले जागच्या जागी आहेत. मॅकनील पुढे हवाई दलात मेजर जनरल झाले. रिचमंड यांची मात्र पदवीही पुरी झाली नाही. गावात ‘उपद्व्यापी’ असा शिक्का बसला आणि नोकरीसाठी वणवण झाली. त्या चौघांचा फोटो छापताना हेही सांगावे. मी राहते पर्वतीच्या पायथ्याशी. १९२९ मध्ये मंदिरप्रवेशासाठी इथे सत्याग्रह झाला, त्यात सत्याग्रहींवर दगड पडले. त्यांची नावे माझ्या सोसायटीत किती जणांना सांगता येतील, मला शंका आहे.

मुले तिथे फक्त इतिहास उगाळत बसत नाहीत, हेही खरे. मी ऑक्टोबरात गेले होते, होमकमिंगचे, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे दिवस. निळे-सोनेरी टीशर्ट घातलेले आजी-आजोबा, गाडीतळावर चुली पेटवून मांस भाजणारी कुटुंबे, कोणी लांबून ‘ॲगी!’ (इथल्या विद्यार्थ्यांचे टोपणनाव) ओरडले की शंभर जणांचे ‘प्राइड!’ आणि ‘ब्लू अँड गोल्ड मार्चिंग मशीन’ हे त्यांचे बँडपथक. आपल्या नदीपात्रात ढोल-ताशा पथके घाम गाळतात, तोच जीव तिथे ड्रमवाल्या पोरांत दिसला. तिसऱ्या दिवशी माझे कान बधिर झाले होते, मुलगी मात्र अभ्यास बाजूला ठेवून नाचत होती. त्यावर मी काही बोलले नाही.

कर्ज काढून मुलांना पाठवणाऱ्या पालकांना समुपदेशक क्रमवारीचा तक्ता दाखवतात आणि अशा विद्यापीठाचे नाव काढले की नाक मुरडतात. आम्हीही ते सोसले. शुल्क किती, सहायक म्हणून काम मिळेल का, विषयाचे मार्गदर्शक कोण, हे विचारले की त्यांच्याकडे उत्तर नसते. आपल्या पुढच्या पुरवणीत १८९० च्या कायद्याखाली येणाऱ्या १९ विद्यापीठांची माहिती या तीन प्रश्नांसह द्यावी, कृषीच्या पदवीधरांना ती विशेष उपयोगी पडेल. सोबत छायाचित्र हवे असेल तर बँडचे नको. ओंडक्यांवर उगवलेल्या शिताकेचे माझ्याकडे आहे, मुलीने काढलेले. कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दत्तवाडी, पुणे ३०