बाबा, पासचा हिशेब

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "वर्षाचा पास? पाळण्यात बसायला?" एवढंच विचारलंत आणि फोन आईच्या हातात दिलात. तुम्ही असे गप्प झालात की हिशेब मागितला आहे असं समजायचं, हे आम्हा भावंडांना शिकवावं लागलेलं नाही. म्हणून हा लेखी हिशेब. आई, तुला आकड्यांचा कंटाळा असेल तर मधला भाग बाबांना वाचू दे, तुझं पुढे आहे.

आम्ही थीम पार्कची दिवसाची तिकिटं काढून गेलो होतो. ती तिकिटं त्याच दिवशी पासमध्ये बदलून घेतली. म्हणजे तिकिटाचे पैसे पासच्या किमतीतून वजा झाले आणि आम्ही फक्त वरचा फरक भरला. बहुतेक मोठ्या पार्कांत ही सोय असते, पण तिला मुदत असते. एका दिवसाचं तिकीट असेल तर सहसा त्याच दिवशी, पार्क बंद व्हायच्या आत. अनेक दिवसांचं असेल तर त्याची मुदत संपायच्या आत. घरी जाऊन, जेवून-खाऊन, दोन दिवस विचार करून गेलं तर ते तिकीट निव्वळ कागद. त्यामुळे निर्णय तिथेच घ्यावा लागतो, आणि तोही पाय दुखत असताना, पोरं किरकिरत असताना. पार्कवाल्यांनी ही वेळ मुद्दाम निवडली असणार अशी मला शंका आहे. म्हणून आदल्या रात्रीच घरी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते.

आता आकडे. खरे देत नाही, कारण ते हंगामाप्रमाणे बदलतात. समजा दिवसाचं तिकीट 100, पास 350 आणि पार्किंग दर खेपेला 25. पासवर पार्किंग फुकट. तुम्ही म्हणाल, 350 भागिले 100, म्हणजे चार खेपा झाल्या तरच पास परवडला. पण खिडकीपाशी उभं असताना पहिले 100 गेलेलेच असतात. पास घ्या अगर न घ्या, ते परत येत नाहीत. प्रश्न उरतो तो वरच्या 250 चा. पुढची प्रत्येक खेप तिकीट धरून आणि पार्किंग धरून 125 ला पडली असती. म्हणजे आणखी दोन खेपांत फिट्टंफाट, तिसरीपासून फायदा. पार्किंगचा फायदा मात्र गाडीमागे एकदाच मिळतो, माणसामागे नाही. म्हणून पार्किंगवाला पास मी एकटीने घेतला. तुमच्या जावयांनी खालच्या प्रतीचा घेतला, ज्यावर सुट्ट्यांचे आणि गर्दीचे ठरावीक दिवस चालत नाहीत. त्या दिवसांत आम्हाला जायचंच नाही, मग त्यासाठी जास्त पैसे का भरायचे?

नातवाचा पासही घेतला, त्याचं कारण वेगळं. बऱ्याच राइडपाशी उंचीची पट्टी उभी असते, आणि मुलांच्या जरा जोरकस राइडना पुष्कळ ठिकाणी 102 सेंटिमीटर लागतात. हा पठ्ठ्या पट्टीच्या एक बोट खाली आहे. दर वेळी टाचा उंचावून उभा राहतो आणि तिथली मुलगी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवते. वर्षभराचा पास म्हणजे ती पट्टी ओलांडण्याचा दिवस त्यात येणारच. धाकटीला अजून तीन पूर्ण नाहीत, आणि तीनच्या आतल्या मुलांना पुष्कळ पार्कांत तिकीट नसतंच, तेव्हा तिच्यासाठी काहीही घेतलं नाही. सरसकट सगळ्यांचे पास काढणारी कुटुंबं तिथे पाहिली. अशा खर्चावर तुम्ही जी भुवई उंचावता ती मीही उंचावली.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण ती तुम्हाला आवडेल. तिकीट सवलतीत घेतलेलं असेल, समजा 100 चं 85 ला, तर बदलताना किती धरायचे? काही ठिकाणी गेटवरची किंमत धरतात, म्हणजे वर 250 भरायचे आणि पास एकूण 335 ला पडतो. काही ठिकाणी तुम्ही प्रत्यक्ष भरलेले 85 च धरतात, मग वर 265, आणि सवलत हवेत विरून जाते. फुकट मिळालेली किंवा बक्षिसाची तिकिटं तर बहुधा बदलूनच देत नाहीत. हे कुठल्याही पाटीवर ठळक लिहिलेलं नसतं, खिडकीवर विचारावं लागतं, आणि पैसे पुढे करण्याआधी विचारावं लागतं. तसंच पासचं वर्ष कधीपासून मोजतात हेही. कुठे बदलून घेतल्या दिवसापासून, कुठे तिकीट पहिल्यांदा वापरलं त्या दिवसापासून. एका दिवसाच्या तिकिटाला फरक पडत नाही, पण पाच दिवसांचं तिकीट रेंगाळत वापरणाऱ्याचे मधले दिवस कापले जातात.

हप्त्याने पैसे भरायची सोय होती, ती घेतली नाही. हप्ता सुरू केला की वर्ष संपेपर्यंत मध्येच सोडता येत नाही, आणि काही ठिकाणी वर्ष संपल्यावर आपोआप पुढचं वर्ष सुरू होतं. नूतनीकरणाची ती चौकट खिडकीवरच बंद करून घेतली. तुमची मुलगी आहे.

आता तुमच्या बाजूचा पुरावाही मीच देते, नाहीतर तुम्ही म्हणाल की हिशेब एकतर्फी आहे. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या सभासदांच्या नोंदी तपासल्या होत्या. 2006 साली ते संशोधन छापून आलं. महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांना दर खेप 17 डॉलरपेक्षा जास्त पडत होती. त्याच व्यायामशाळेत दहा खेपांचं कार्ड घेतलं असतं तर दर खेप 10 डॉलरला पडली असती. लोकांना आपण पुढे किती वेळा जाऊ याचा अंदाज नेहमी फुगवून येतो. पासचा धंदाही बराचसा त्या फुगवट्यावर चालतो, यात शंका नाही. म्हणून मी "किती वेळा जाऊ" असं स्वतःला विचारलंच नाही. गेल्या वर्षी किती शनिवार-रविवार खरोखर मोकळे होते ते कॅलेंडर उघडून पाहिलं, त्यातले पाहुण्यांचे, तापाचे आणि आळसाचे वजा केले. उरले ते दोन-तीन खेपांना पुरून उरतील इतके होते.

आणि गंमत म्हणजे हा घोळ थीम पार्कांइतकाच जुना आहे. 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा आत शिरायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे होते. काही महिन्यांतच त्यांनी कुपनांची पुस्तकं काढली. त्यात अ, ब, क असे वर्ग होते, पुढे आणखी वर्ग वाढले आणि सर्वांत वरच्या वर्गाच्या कुपनावर सगळ्यात भारी राइड मिळायची. लोक भारी कुपनं आधी संपवायचे आणि हलकी घरी नेऊन खणात टाकायचे. 1961 मध्ये टेक्सासात सिक्स फ्लॅग्ज उघडलं ते एकदाच पैसे भरा आणि दिवसभर काय वाटेल ते करा या बोलीवर. डिस्नेलँडने ती कुपनं 1982 मध्ये बंद केली. मधल्या काळात, 1971 साली, वॉल्टर ओय नावाच्या अर्थतज्ज्ञाने यावर शोधनिबंधच लिहिला होता, की अशा ठिकाणी मालकाने दारात जास्त घ्यावेत की प्रत्येक राइडला. बाबा, तुम्हाला हा माणूस पटेल. खेळाच्या जागेकडे त्याने तुमच्यासारखंच पाहिलं.

पण एक सांगू का? एवढा हिशेब मांडला तरी पास घेतला तो या हिशेबासाठी नाही.

दिवसाच्या तिकिटावर गेलं की माणूस बदलतो. गेट उघडायच्या आधी अर्धा तास जाऊन उभं राहायचं. आत शिरल्याबरोबर नकाशा हातात, पोराला ओढत सर्वांत लांबच्या राइडकडे धावायचं, कारण तिथली रांग तासाभराने दुप्पट होते. जेवण उभ्या उभ्या. धाकटी झोपेला आली तर तिला बाबागाडीत थोपटत थोपटत रांगेत. पोरगा म्हणतो, "मला कारंज्यापाशी बसायचंय," आणि मी म्हणते, "कारंजं काय, कुठेही असतं, चल." एवढे पैसे मोजून कारंजं बघत बसायचं म्हणजे काय? संध्याकाळी सगळे चिडलेले, आणि तरी रात्रीची आतषबाजी बघितल्याशिवाय हलायचं नाही, कारण ती तिकिटात आहे. ही घाई मला नको होती. विशेषतः तुम्ही येणार असताना नको होती.

आई, इथून तुझं.

तू गुडघ्याचं फोनवर सांगत नाहीस, पण दादा सांगतो. अशा जागी दिवसभरात किती चालणं होतं याची कल्पना बाहेरून येत नाही. दिवसाच्या तिकिटावर तुला नेलं असतं तर तू दुपारी दोनला थकली असतीस, पण बोलली नसतीस. "पोरांचे पैसे गेलेत" म्हणून रात्रीपर्यंत चालत राहिली असतीस आणि पुढचे चार दिवस औषध चोळत बसली असतीस. मी तुला ओळखते. आता तसं करायचं नाही. सकाळी जरा उशिरा निघायचं, सावलीतलं बाक धरायचं, नातवाच्या दोन राइड होऊ द्यायच्या, मिरवणूक बघायची आणि ऊन चढायच्या आत घरी. एकही मोठी राइड झाली नाही तरी कुणाचं तोंड वाकडं होणार नाही, कारण पुढच्या आठवड्यात परत येता येतं. चाकाची खुर्ची तिथे भाड्याने मिळते. ती घ्यायला तू तयार होणार नाहीस हे धरून चालले आहे, पण मी विचारणार.

आता तुमच्या तिकिटांचं. तुमचे पास मी काढलेले नाहीत, बाबांनी घाबरू नये. पासवर नाव आणि फोटो असतो, दुसऱ्याला देता येत नाही, आणि पैसे परत मिळत नाहीत. तुम्ही राहणार काही महिने, उरलेलं वर्ष तो पास नुसता पडून राहील. तेव्हा पहिल्या खेपेला तुमची दिवसाची तिकिटं काढू. पासधारकांना पाहुण्यांच्या तिकिटावर अधूनमधून सवलत मिळते, ती मिळाली तर उत्तम. काही ठिकाणी ज्येष्ठांचा दरही वेगळा असतो, तो विचारून ठेवते. मग दुपारी निघायच्या आधी, गेटच्या आत असतानाच, तुम्ही दोघांनी मला सांगायचं: परत यायचं की पुरे झालं. परत यायचं असेल आणि वरचा फरक दोन खेपांत फिटत असेल तर तिथल्या तिथे बदलून घेऊ. पुरे झालं असेल तर मला अजिबात वाईट वाटणार नाही, तुम्ही दोघं घरी पत्ते खेळा, आम्ही तास-दोन तास जाऊन येऊ. फक्त एक अट. मला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणायचं नाही, आणि पैसे वाचावेत म्हणून "नाही" म्हणायचं नाही. पहिलं आईसाठी, दुसरं बाबांसाठी.

गर्दीच्या दिवसांसाठी काही पार्कांत पासधारकांनाही तारीख आधी नोंदवावी लागते. तेव्हा तुमच्या येण्याची तारीख नक्की झाली की लगेच कळवा, म्हणजे शाळांच्या सुट्ट्या टाळून मधल्या वारांच्या तारखा धरून ठेवते. बाबा, पासपोर्टवर तुमचं नाव जसं आहे तसंच तिकिटावर घालावं लागेल, त्याचा फोटो काढून दादाकरवी पाठवा. मागच्या वेळेसारखा अर्धा अंगठा मध्ये नको.

आई, चालून चालून मऊ झालेल्या चपला आण, नवीन घेऊ नकोस. औषधांची चिठ्ठीही हातातल्या पिशवीत ठेव, सामानात नको.

दोघांना नमस्कार, दादा-वहिनींना आठवण.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, बाहेर पडताना खिसे रिकामे करायची तुमची सवय आहे. त्या दिवशी तिकीट टाकू नका. ते दाखवल्याशिवाय खिडकीवर काहीच बदलून मिळत नाही.