छायाचित्र प्रदर्शनांतला उजेड सुधारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात छायाचित्रांची प्रदर्शने भरतात, लोक आवर्जून येतात, फोटोही चांगले असतात. तरीही छोट्या कलादालनांत ते पुष्कळदा नीट दिसतच नाहीत. दोष फोटोग्राफरचा नसतो, डोक्यावरच्या उजेडाचा असतो. ज्या गावात घडवलेल्या कॅमेऱ्यावर बाबूराव पेंटर यांनी १९२० साली मूकपट काढला, त्या गावात तरी ही हयगय होऊ नये, म्हणून हे पत्र.

जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल आणि तालमीतली तांबडी माती हे इथल्या फोटोग्राफरांचे आवडते विषय. नेमके हेच दोन रंग स्वस्त एलईडी ट्यूबखाली मार खातात. तिच्या उजेडात गडद लाल फार कमी असतो. मग गुलाल विटका दिसतो, माती तपकिरी होते आणि पैलवानाच्या अंगावर आजारी छटा येते. दिवा घेताना खोक्यावरचा सीआरआय हा आकडा बघावा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे तो सांगतो, तो किमान ९० हवा. लाल रंगासाठीचा आर-९ हा आकडा वेगळा छापला असेल तर तो ५० च्या वर असलेला बरा. रंगतापमान, म्हणजे उजेड पिवळट की निळसर हे सांगणारा आकडा, ३००० ते ४००० केल्विनच्या दरम्यान ठेवावे. पांढऱ्याशुभ्र ट्यूब ६५०० केल्विनच्या असतात, त्यांच्याखाली सगळी भिंत निळसर पडते. एकाच भिंतीवर दोन जातींचे दिवे तर नकोतच. शेजारशेजारच्या कृष्णधवल प्रिंटपैकी एक पिवळट आणि दुसरी निळी दिसली, की बघणारा बिचाऱ्या प्रिंटवाल्याला नावे ठेवतो.

दिवा कुठे लावायचा याचाही हिशेब आहे. उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करून उजेड चित्राच्या मध्यावर पडावा. छत १० फुटांवर आणि चित्राचा मध्य जमिनीपासून ५ फुटांवर असेल, तर दिव्यांची पट्टी भिंतीपासून सुमारे ३ फूट पुढे येते. भिंतीला फार खेटून लावली तर फ्रेमच्या वरच्या पट्टीची सावली चित्रावर पडते. फार मागे नेली तर बघणाऱ्याचीच सावली पडते, शिवाय काचेतून दिवा थेट डोळ्यांत येतो.

काचेची अडचण वेगळी. गडद चित्रात प्रतिबिंब सर्वांत जास्त दिसते. पन्हाळ्याच्या धुक्याचा फोटो खिडकीसमोर एकवेळ चालून जाईल, पण रंकाळ्यावरची रात्र तिथे लावली तर लोकांना स्वतःचा चेहरा आणि मागचा दरवाजाच दिसेल. गडद फोटो दाराखिडक्यांपासून लांब लावावेत, किंवा मॅट कागदावर छापून काचेविना मांडावेत.

टांगताना सगळ्या चित्रांचा मध्य एका उंचीवर ठेवायचा असतो, ५७ ते ६० इंचांवर. खिळ्याची जागा अंदाजाने ठरवू नये. मध्याची उंची घ्यावी, तिच्यात फ्रेमची अर्धी उंची मिळवावी आणि तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली राहते तेवढे वजा करावे. फ्रेम २४ इंच उंच, तार २ इंच खाली, मध्य ५८ वर: ५८ अधिक १२ वजा २, म्हणजे खिळा ६८ इंचांवर. सामूहिक प्रदर्शनात प्रत्येकाची प्रवेशिका लावायची म्हणून दोन-तीन ओळी रचतात, तेव्हा वरची ओळ मान वर करून आणि खालची वाकून बघावी लागते. त्यापेक्षा निवड कडक करावी. नाराजी येईल, ती आयोजकांनी सोसावी.

छपाईबद्दल थोडेच लिहितो. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला इंचाला ३०० या हिशेबाने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० वर येतो, म्हणजे इंचाला जेमतेम ८९. केसांचा लगदा होतो, आकाशात पायऱ्या दिसतात. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर पेनड्राइव्ह न्यावा. स्क्रीनची चमक जास्त असल्याने प्रिंट काळपट निघते, तेव्हा आधी ४ बाय ६ चा नमुना काढून तो कलादालनातल्याच दिव्याखाली बघावा.

फ्रान्स सरकारने दागेर यांची फोटो काढण्याची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगासाठी खुली केली, म्हणून छायाचित्रण दिन त्या तारखेला. त्या निमित्ताने प्रदर्शन भरवावे, तर आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा. सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर, फक्त कडांना दुहेरी टेप लावलेली प्रिंट दमट हवेत मधोमध फुगते, तिला पाठभर चिकटपट्टा हवा. काचेला टेकलेली प्रिंट ओल धरून काचेलाच चिकटते आणि मग काढताना फाटते. मधे माउंटबोर्डची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, चौकट घातली की हा प्रश्न उरत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले तर भिंतीची ओलही लागत नाही.

बघायला येणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतर सोयीचे असते: १२ बाय १८ ला पावणेतीन फूट, २० बाय ३० ला साडेचार. उद्घाटनाच्या गर्दीत हे जमत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी जावे. मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवावा, काचेत पांढरा डाग सोडून काहीच हाती लागत नाही. फोटोग्राफर तिथे असेल तर कॅमेऱ्याच्या किमतीऐवजी उजेड कुठून येत होता, किती वाट पाहिली, हे विचारावे. तो आनंदाने सांगतो.

कलादालने चालवणाऱ्यांना एक विनंती. बुकिंगच्या फॉर्मवरच छताची उंची, दिव्यांची संख्या, त्यांचा सीआरआय व केल्विन आणि टांगण्याची सोय छापावी. म्हणजे आयोजक त्याप्रमाणे नमुना काढतील, कोणता फोटो कुठे लावायचा हे घरीच ठरवतील आणि कमी पडणारे दिवे आदल्या दिवशी भाड्याने आणतील.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर