रामबागेतल्या काकांना, गाडी सरळ चालवून दिल्याबद्दल

इंदूर

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

परवा धुळ्याहून परत आले. जाऊन-येऊन पाचशेच्या वर किलोमीटर झाले आणि ठिकरी ते जुलवानिया या पट्ट्यात दोन्ही वेळा माझ्या क्रूझर मोटारसायकलचं हँडल हातात शांत राहिलं. घरी पोचल्यावर आधी गाडी पुसली, मग हे पत्र लिहायला बसले. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहून. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं, कारण "अशी गाडी हलणारच" असं सांगून मला परत पाठवलं गेलं, तेच आपल्या इथल्या कितीतरी मुलामुलींना सांगितलं जातं.

दिवाळीत धुळ्याला माहेरी निघाले होते. मागच्या टॉप बॉक्समध्ये फराळाचे डबे, वर बांधलेली पिशवी. मानपूरचा घाट उतरले, खलघाटला नर्मदा ओलांडली, तोवर काही नाही. ठिकरी मागे पडली, रस्ता मोकळा, काटा ९५ वर. उजवीकडून एक कंटेनर गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला आणि हँडल थरथरायला लागलं. सुरुवातीला मनगटाला मुंग्या आल्यासारखं, मग दोन्ही हात खांद्यापर्यंत हलायला लागले. जीव खाऊन हँडल आवळलं तर थरथर वाढली. भीतीने ॲक्सिलरेटर सुटला, वेग उतरत गेला आणि सत्तरच्या खाली आल्यावर हँडल जसं हललं तसंच गप्प झालं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली कितीतरी वेळ बसून होते. पुढे सेंधवा, बिजासनचा घाट, शिरपूर, सगळं पन्नासने. आईला काही सांगितलं नाही.

इथे आल्यावर एका वर्कशॉपला दाखवली. त्यांनी गल्लीतच एक चक्कर मारली आणि म्हणाले, "क्रूझर है मैडम, इतना तो हिलेगी." हौस असेल तर स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची थरथर दाबणारा छोटा शॉकअप, लावून घ्या, नाहीतर ऐंशीच्या वर नेऊ नका. मी जवळजवळ गाडी विकायलाच काढली होती. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तुमच्याकडे पाठवलं, म्हणून ती आज दारात उभी आहे.

तुम्ही गाडीला हातसुद्धा लावला नाहीत आधी. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवलीत. एकदा भरभर, सेकंदाला सात-आठ ठोके. मग सावकाश, सेकंदाला दोन-तीन. आणि विचारलंत, "यातलं कुठलं?" मी डोळे मिटले, हात आठवले आणि म्हटलं, पहिलं. "मग दुखणं पुढे आहे. दुसरं म्हणाली असतीस तर अख्खी गाडी माशासारखी डोलते, त्याला मागून शोधायला लागलो असतो." काका, त्या क्षणी मला रडू आलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला नेमकं काय जाणवलं होतं ते विचारलं होतं, आणि माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला होता.

मग फरशीवर खडूने काढलेलं ते चित्र. हँडलचा दांडा पुढच्या चाकाकडे तिरका उतरतो, ती रेघ तशीच जमिनीपर्यंत ओढली तर टायर जिथे टेकतो त्याच्या पुढे जाऊन पडते. टायर त्या बिंदूच्या मागे ओढला जातो, म्हणून आपोआप सरळ होतो. क्रूझरचा दांडा जास्त तिरका, गाडी लांब, म्हणजे सरळ रस्त्यावर तिने इतर गाड्यांपेक्षा जास्त ठाम चालायला हवं. "ही जातच सरळ जाण्यासाठी आहे. ही हलतेय म्हणजे काहीतरी बिघडलंय. क्रूझर आहे म्हणून हलते असं नाही." हे वाक्य मी त्यानंतर निदान दहा जणांना ऐकवलं असेल.

डॅम्परबद्दलही तुम्ही रागावला नाहीत, नीट समजावलंत. ताप उतरवायची गोळी आहे ती, म्हणालात. आत पू आहे का ते आधी बघू.

पहिल्यांदा हवा. मागच्या टायरात २१ पौंड निघाली. चेन कव्हरच्या स्टिकरवर, सामान असताना ३३ लिहिलेली. पंपावरचा मुलगा अंदाजाने भरायचा आणि मी कधी काट्याकडे बघितलं नव्हतं, ही चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून सकाळी, टायर थंड असताना, घरीच मोजते. मग दोरी. गवंड्याची ओळंब्याची दोरी तुम्ही मागच्या टायरापासून पुढच्यापर्यंत ताणलीत आणि दाखवलंत की मागचं चाक केसभर तिरकं बसलंय. चेन ताणताना एका बाजूची खूण एक घर पुढे गेली होती. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुशात झोल नव्हता, बेअरिंगं ठीक, आरे घट्ट. पुढच्या टायरची नक्षी मात्र कडेला करवतीसारखी झिजलेली. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर बोटाला टोचायची. तो टायर बदललाच.

पण खरं दुखणं सापडलं ते कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलचा दांडा ज्या गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतो त्यात, आणि तो क्षण मला जन्मभर लक्षात राहील. पुढचं चाक अधांतरी केलंत आणि मला म्हणालात, "तूच फिरव. हळू. डोळे मीट." हँडल डावीकडून मध्यावर आणलं आणि बरोब्बर मध्ये ते टक्क करून बसलं, एखाद्या खाचेत पडावं तसं. उजवीकडून आणलं, पुन्हा तिथेच. मग शॉकअप खालून धरून पुढे-मागे ओढायला लावलंत आणि माझं बोट दांड्याच्या सांध्यावर ठेवलंत. इतकासा खळ्ळ. कानाला ऐकू येणार नाही एवढा, पण बोटाला कळला. खोलल्यावर रेसर, म्हणजे गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी, माझ्या तळहातावर ठेवलात. आरशासारख्या कडीवर गोळ्यांच्या ओळीने खळगे पडले होते, नख फिरवलं की एकेक लागत होता. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर खड्डे खाऊन गोळ्यांनी आपली जागा कोरून घेतली होती. नव्वदच्या वेगात एवढ्याशा खळखळीवर माझा जीव टांगलेला होता.

गोळ्यांच्या जागी टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रुळांचं बेअरिंग, बसवलंत तेव्हा मला वाटलं, आता करकचून आवळायचं. तुम्ही माझा हात धरलात. सैल राहिलं तर हँडल थरथरतं, जास्त आवळलं तर गाडी सरळ राहायचं विसरते आणि डुलत चालते. चाक अधांतरी असताना हँडल मध्यावरून जरा ढकललं तर आपल्या वजनाने कडेला जाऊन पडलं पाहिजे, पण खळखळ अजिबात नको. चार वेळा सैल केलंत, चार वेळा आवळलंत. एवढ्या धीराने काम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पीथमपूरच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली, त्या हातांना घाई माहीतच नसावी. तिथल्याच नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकची गोष्टही त्याच संध्याकाळी तुम्ही किती कौतुकाने सांगितलीत! २०२१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा आपल्याच घरी काही चांगलं घडल्यासारखा आनंद झाला होता, म्हणालात.

सामानाचं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी थोडी हिरमुसले होते. टॉप बॉक्स भरून तोलला तर ११ किलो. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि इतक्या उंच ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं, पुढचं चाक हलकं होतं, आणि हलक्या चाकाला थरथरायला निमित्त पुरतं. आता जड डबे बाजूच्या पिशव्यांत, खाली आणि जमेल तेवढे पुढे. वर फक्त कपडे. सामान असलं की मागच्या शॉकअपची स्प्रिंग आवळायची कडी पहिल्या खाचेवरून तिसरीवर. आणि हँडलवर बसवलेली ती मोठी काच मी हौसेने घेतली होती, ती काढायला मन होत नव्हतं. "ट्रकची हवा काचेला लागते, काच हँडलला ढकलते," एवढंच म्हणालात. काढली. आता छातीवर वारा येतो, पण हँडल माझ्या ताब्यात असतं.

शेवटचं तुम्ही हातांबद्दल शिकवलंत. क्रूझरवर पाय पुढे, पाठ ताठ, गुडघ्यांना टाकी नीट धरता येत नाही, म्हणून वेग वाढला की माणूस वाऱ्यापासून वाचायला हँडललाच लटकतो. त्या आवळलेल्या हातांतून आपल्याच अंगाचे झटके हँडलला जातात. कोपर सैल, पकड पक्षी धरावा तशी. आणि कधी थरथर आलीच तर जोरात ब्रेक नाही, हँडलशी झटापट नाही. अंग पुढे झुकवायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा.

या वेळी ठिकरीच्या पुढे तसाच एक कंटेनर आला. मी कोपर सैल सोडले. धक्का बसला, गाडी अंगभर जरा सरकली आणि परत आपल्या रेघेवर आली. हँडल नाही हललं. पुढे तापीच्या पुलावर थांबून बाबांना फोन केला आणि काकांना सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलंच असेल.

तुम्ही बेअरिंग आणि टायरच्या पैशांपलीकडे एक रुपया घेतला नाहीत. आईने धुळ्याहून तुमच्यासाठी बिबडे आणि कळणाची भाकरी करायला घरचं पीठ दिलंय, त्याला नाही म्हणू नका. तिला आता सगळं सांगितलंय; ती बराच वेळ गप्प होती, मग तुमचं नाव विचारून घेतलं.

नवा कोनसेट पाचशे किलोमीटरनंतर बसतो, तेव्हा एकदा तपासायचा असं तुम्ही बजावलं होतंत. ते झालेत. रविवारी सकाळी पोहे-जलेबी घेऊन येते. या वेळी पाना मी धरते, तुम्ही फक्त डोळे मिटून हँडल फिरवा आणि बरोबर बसलंय का ते सांगा.

तुमची,
रामबागेच्या मागच्या गल्लीतली सून