विश्वस्तांनी एकदा तरी तिकीट काढावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका कलासंस्थेवर नवे विश्वस्त आले, त्याची ‘संस्थेची धुरा अनुभवी हातांत’ ही कालच्या अंकातली बातमी वाचून छान करमणूक झाली. कशाचा अनुभव, तेवढं लिहायचं मात्र राहून गेलं. नव्या विश्वस्तांत दोन बांधकाम व्यावसायिक आहेत, एक सनदी लेखापाल आहेत, एक निवृत्त सनदी अधिकारी आहेत, एक ‘ज्येष्ठ समाजसेवक’ (ते कोण, हे दादर-गिरगावात सगळ्यांना ठाऊक आहे) आणि उरलेले सगळे उद्योजक. गाणारं, नाचणारं, वाजवणारं, गेला बाजार पडदा ओढणारंसुद्धा कुणी नाही. वर आपल्या प्रतिनिधीची मल्लिनाथी अशी, की कलावंतांना व्यवहार कळत नाही, सबब बदल स्वागतार्ह आहे. स्वागत जरूर करा. शाल-श्रीफळाचा खर्च संस्थेच्याच खात्यातून निघतो.

मी एका दुसऱ्या संस्थेची आजीव सभासद आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढच्या सर्वसाधारण सभेला मला त्याच लोकांसमोर बसायचं आहे. तिथे बरीच वर्षं संगीत नाटकांचा कपडेपट माझ्याकडे होता. पत्र्याच्या पेट्या, झाकणावर ऑइलपेंटने पात्रांची नावं. आत जरीचे शेले, बाराबंद्या, पगड्या, खणाच्या चोळ्या, नऊवाऱ्या. पावसाळा सरला की सगळं बाहेर काढायचं, गच्चीवर सावलीत पसरायचं, घडी बदलायची (जरीची तार एकाच घडीवर राहिली की तिथेच तुटते) आणि डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून परत ठेवायचं. हे काम विनामानधन होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

मग आमच्याकडेही ‘अनुभवी हात’ आले. पहिल्याच बैठकीत ठरलं, की विश्वस्तांना बसायला वातानुकूलित दालन हवं. जागा कुठली? कपडेपटाची. मला कुणी कळवलं नाही. वार्षिक अहवाल घरी आला, त्यात जमेच्या बाजूला ओळ होती : निरुपयोगी साहित्य विक्री, रु. ४,२००. शिपायाकडे चौकशी केली तेव्हा कळलं, भंगारवाल्याने पेट्या वजनावर नेल्या आणि कपडे ‘बरोबर घेऊन जा’ म्हणून त्याला तसेच दिले. नारदाची वीणा यादीत ‘मोडकी लाकडी वस्तू, १ नग’ अशी नोंदली होती. ती मोडकी नव्हती. नाटकातल्या वीणेला तारा नसतात, एवढंच.

सभेत मी उठून विचारलं, की विकण्याआधी एक तरी पेटी कुणी उघडून पाहिली होती का? अध्यक्ष हसून म्हणाले, “ताई, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही. आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.” सभा आधीच गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरली होती. हिशेब मंजूर, लेखापरीक्षकांची नेमणूक मंजूर, सगळं एकमताने. आयत्या वेळचे विषय आले तोवर अध्यक्ष दुसऱ्या सत्काराला निघून गेले होते आणि ते विषय अध्यक्षांच्या परवानगीशिवाय घेता येत नाहीत म्हणे. मी उभीच होते. कार्यवाहांनी आभार मानायला सुरुवातही केली आणि मागून कपबशा वाजायला लागल्या. त्याच अहवालात ‘सत्कार व स्वागत’ हा खर्च साथीदारांच्या मानधनापेक्षा जास्त आहे. तेही विचारायचं होतं. राहिलं.

कलावंतांचा व्यवहार म्हटलं की बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीचं कर्ज आमच्या तोंडावर फेकण्याची जुनी रीत आहे. कर्ज झालं होतं, कोण नाही म्हणतं? पण १९०८ मध्ये निघालेली ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी केशवराव भोसले, मग बापूराव पेंढारकर, मग भालचंद्र ऊर्फ अण्णा पेंढारकर, अशी गाणाऱ्या नटांनीच चालवली ना? अण्णा पेंढारकरांनी तर नाटकांचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं, म्हणून ते आवाज आज ऐकायला मिळतात. आमच्या विश्वस्तांच्या हाती त्या टेपा लागल्या असत्या, तर त्याही वजनावर गेल्या असत्या.

बाहेरची माणसं नकोतच असं माझं म्हणणं नाही. मुंबई मराठी साहित्य संघाचे भालेराव पेशाने डॉक्टर होते आणि १९४४ चा नाट्यमहोत्सव त्यांनी उभा केला. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचे जमशेद भाभा टाटांकडचे. नवं नाट्यगृह उघडण्याआधीच १९९७ मध्ये आगीत सापडलं, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांनी ते पुन्हा बांधून घेतलं आणि १९९९ मध्ये खुलं केलं. मलबार हिलवरचा राहता बंगलाही संस्थेच्या नावे करून गेले. २०१४ मध्ये लिलावात त्याचे ३७२ कोटी आले. आमच्याकडे बंगला कुणी मागत नाही. पहिल्या रांगेतले सोफे विश्वस्तांसाठी राखून ठेवतात, ते मध्यंतरानंतर रिकामे असतात (बटाटेवडा संपला की मंडळी गाडीत) आणि बाल्कनीतल्या माणसाला ‘हाउसफुल्ल’ म्हणून परत पाठवतात, एवढं थांबलं तरी चालेल. वर्षाकाठी दोन प्रयोग पदरच्या पैशाने तिकीट काढून शेवटपर्यंत बघायचे, अशी अट संस्थेच्या घटनेत घाला. मग बिनविरोध निवडणुकीला किती अर्ज येतात ते बघू.

आणि हो, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो झाला का, हे आपल्या प्रतिनिधीने विचारलं असतं तर बातमीला थोडा अर्थ आला असता. सत्काराचे फोटो तीन कॉलमी छापायला जागा असते. नाटकांच्या जाहिराती मात्र हल्ली आपण शब्दकोड्याखाली इतक्या बारीक टाइपात कोंबता, की गेल्या रविवारी मी दुपारी चारचा प्रयोग साडेचारचा समजून गेले आणि नांदी चुकली. निदान वेळ तरी ठळक छापा.

– एक आजीव सभासद, गिरगाव
(नाव कृपया छापू नये.)