शीतयुद्ध आमच्या परातीत होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला शीतयुद्धावरचा लेख वाचला. बर्लिनची भिंत, क्युबातली क्षेपणास्त्रं, चंद्रावरची शर्यत, सगळं नीट मांडलं आहे. पण शेवटी लेखक म्हणतात की, या दोन महासत्तांच्या भांडणाची झळ आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या माणसाला बसलीच नाही. तिथं मी थांबले. लेखक वयानं लहान असावेत.

माझं माहेर आटपाडी तालुक्यात. १९७२ ला मी तेरा वर्षांची होते. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, जनावरं विकलेली. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनला तेव्हा मिलो आली. अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडे ती जनावरांना घालतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी रांग मोडत नव्हती. पिठाला चिकटपणा म्हणून नाही. आई आधणाच्या पाण्यात मळायची, तरी थापताना कडा चिरायच्या आणि परातीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे दोन तुकडे व्हायचे. रंग विटकरी. वडील एकदा म्हणाले, "ही भाकर हाय का ईट?" आई चुलीपुढून उठून गेली होती, एवढं लक्षात आहे.

ही मिलो आमच्या ताटात का आली, हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर वाचून कळलं. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली अमेरिका आपल्याला गहू द्यायची आणि पैसे रुपयांत घ्यायची. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण वर्षाला सुमारे एक कोटी टन धान्य आणत होतो. त्याच वेळी व्हिएतनाममधल्या युद्धावरून दिल्लीनं टीका केली, तर अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजं थेंबाथेंबानं सोडायला सुरुवात केली. पुढं १९७१ मध्ये ऑगस्टला आपण सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला, डिसेंबरात बांगलादेशाच्या युद्धात अध्यक्ष निक्सन यांनी 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागरात धाडली. त्यानंतरच्याच पावसाळ्यात आमचं आभाळ कोरडं गेलं. आता धान्य घ्यायचं तर बाजारभावानं, डॉलर मोजून. तेव्हा अर्थखातं होतं आमच्याच भागातल्या देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांकडं. अमेरिकेचा नकार त्यांना नवा नव्हता. १९६४ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून ते वॉशिंग्टनला लढाऊ विमानं मागायला गेले होते. ती मिळाली नाहीत. मिग रशियाकडून आली.

आता खरी गंमत. (गंमत म्हणायला आज पोट भरलेलं आहे म्हणून.) त्या १९७२ साली रशियातलंही पीक बुडालं. मे महिन्यात निक्सन मॉस्कोत जाऊन क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या करारावर सही करून आले. उन्हाळा सरतो न सरतो तोच रशियानं गाजावाजा न करता अमेरिकेच्या गव्हाचा जवळपास चौथा हिस्सा उचलला, तोही अमेरिकन सरकारनं अनुदान दिलेल्या स्वस्त भावात. जगात गहू दुपटीच्या वर महाग झाला. एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले दोघे बाजारात गुपचूप भेटले, आणि वाढलेला भाव मोजायला आम्ही. १९७३ मध्ये रशियानं आपल्याला वीस लाख टन गहू दिला. फुकट नाही आणि पैशानंही नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा उसना. गव्हाच्या बदली गहू परत करायचा.

माझे चुलते लाल बावट्याचे. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाकडून खासदार झाले, तेव्हापासून त्यांच्या लेखी रशियाचं सगळं चांगलं. रेशनला गहू आला तसे मूठभर दाणे घेऊन घरोघर फिरले. "ह्यो रशियाचा हाय, बघा दाणा कसा टपोरा." दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे, पोत्यावर काही लिहिलेलं नाही. वडिलांनी वाद मिटवला, "कुणाचा का असंना, दळून आणा." तो गहू कदाचित अमेरिकेतूनच रशियाच्या नावावर गेलेल्या मालातला असेल, असं मी चुलत्यांना कधी सांगितलं नाही. ते ऐकून घेणारे नव्हते.

लेखात रशिया मित्र आणि अमेरिका शत्रू असा सूर आहे. तोही मला पटत नाही. ज्या मेक्सिकन गव्हाच्या वाणांनी पुढं आपली हातापाया पडण्याची वेळ टाळली, त्यामागं अमेरिकन पैसा आणि बोरलॉग हा अमेरिकन शास्त्रज्ञ होता. दोघांनीही आपापला हिशोब पाहिला आणि दिल्लीनंही पाहिला.

एक विनंती. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव इथली बहात्तरची माणसं आता थोडी उरली आहेत. पुढच्या शीतयुद्धावरच्या लेखाआधी त्यांना विचारा. नववीच्या पुस्तकात शीतयुद्ध आहे, मिलो नाही.

नातवानं ती भाकरी करून दाखव म्हणून हट्ट धरला. मार्केट यार्डात चौकशी केली, तर पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात तशी लाल ज्वारी मिळाली. पाव किलो आणली, दळली, आधणाचं पाणी घातलं. अजूनही कडा चिरतात.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली