वजन न सांगता कॅलरी छापू नयेत

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत कोणत्या व्यायामाने किती कॅलरी जळतात याची रंगीत चौकट आली होती. अर्धा तास दोरीच्या उड्या : ४५०. पाऊण तास झपाझप चालणे : २५०. या ४५० कोणाच्या, हे मात्र चौकटीत कुठेच नव्हते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. एकक न लिहिता उत्तर लिहिणाऱ्या मुलाचे गुण जसे कापावे लागत, तसेच या चौकटीचे कापावे लागतील.

हे गणित अवघड नाही. निवांत बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी (आहारातली, म्हणजे किलोकॅलरी) लागते. याला एक मेट म्हणतात. अमेरिकेतील संशोधकांनी १९९३ मध्ये निरनिराळ्या हालचालींच्या मेटचे कोष्टक प्रसिद्ध केले आणि पुढे ते वेळोवेळी सुधारले. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास वेगाने सपाट रस्त्यावर चालण्याला ४.३ मेट दिले होते. पाऊण तास चाललेल्या ७५ किलोच्या गृहस्थांच्या यावरून सुमारे २४० कॅलरी होतात, तर ५० किलोच्या बाईंच्या १६०. त्यातूनही एक मेट वजा करायला हवा, कारण तेवढा वेळ घरी बसून राहिलो असतो तरी शरीराने तेवढ्या खर्च केल्याच असत्या. चालण्यामुळे जास्तीच्या जळाल्या त्या गृहस्थांच्या १८५ आणि बाईंच्या जेमतेम १२५. तीस ग्रॅम कणकेच्या एका चपातीतच शंभरेक कॅलरी असतात. चौकट वाचून त्या बाईंनी दोन चपात्या जास्त घेतल्या, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आम्ही काही जण सकाळी अजिंक्यताऱ्यावर जातो. आमच्यातल्या एका वहिनींच्या मनगटावरचे घड्याळ रोज तीनशेच्या वर आकडा दाखवी. त्यांना मधुमेह आहे आणि त्या आकड्यावर विसंबून न्याहारीला एखादा लाडू चालेल, असे त्या धरून चालत. मी त्यांचा फोन मागून घेतला आणि घड्याळाच्या अ‍ॅपमधली माहिती उघडली. वजन ७२ किलो! घड्याळ मुलाने भेट दिले होते आणि जोडतानाही त्यानेच स्वतःची माहिती भरली होती. वहिनींचे वजन ४८. म्हणजे हिशेब जवळपास दीडपट वजनाच्या माणसाचा चालला होता. वजन, वय, उंची दुरुस्त केल्यावर त्याच वाटेला घड्याळाने दोनशेच्या थोडा वरचा आकडा दाखवला.

माहिती बरोबर भरली तरी घड्याळाचा आकडा म्हणजे अंदाजच. शरीराने किती कॅलरी खर्च केल्या, हे त्याने किती प्राणवायू वापरला यावरून कळते आणि घड्याळ तो मोजत नाही. ते नाडी आणि हाताची हालचाल मोजते आणि त्यावरून सूत्राने कॅलरी काढते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये साठ जणांवर सात प्रकारची मनगटी उपकरणे तपासली. सातपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर आली, पण कॅलरीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३. नाडी काही फक्त कष्टानेच वाढत नाही. उकाड्याने वाढते, चहा-कॉफीने वाढते, भीतीनेही वाढते. उलट आमच्या वयाच्या अनेकांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी असते, ती नाडी चढूच देत नाही. नाडीवर चालणारे सूत्र अशा माणसाला त्याच चढावर कमी कॅलरी दाखवते. वजने उचलणाऱ्या मुलांचे आणखी वेगळे : त्यांची नाडी उसळते, पण प्राणवायूचा खर्च त्या मानाने वाढत नाही.

मग भरवशाचे काय? चढण. साठ किलोचा माणूस अडीचशे मीटर उंच चढला, तर ६० गुणिले ९.८ गुणिले २५०, म्हणजे सुमारे १४७ किलोज्यूल काम झाले. त्याच्या ३५ कॅलरी. चढताना स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणून ३५ ला चारने गुणायचे : १४० कॅलरी. वाटेच्या लांबीचे चालणे यात वेगळे मिळवायचे. अकरावीचे पुस्तक आणि वजनकाटा एवढ्यावर हे जमते, आणि तो आकडा मला घड्याळापेक्षा पटतो. व्यायामशाळेतल्या सायकलवर वॅट नीट दिसत असतील तर तेही असेच सोपे. शंभर वॅटने अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल काम, आणि शरीराचा खर्चही जवळजवळ १८० कॅलरीच. एका कॅलरीत सुमारे ४.२ किलोज्यूल असतात आणि शरीराची कार्यक्षमता चौथ्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे हे आकडे जुळतात. ट्रेडमिलवर मात्र पुढचा दांडा धरून चालणाऱ्यांनी पडद्यावरचा आकडा विसरावा. अंगाचा भार हातांवर जातो, तरी यंत्र पूर्ण चालणेच मोजत राहते.

आपल्याकडच्या माणसांसाठी आणखी एक दुरुस्ती आहे. विश्रांतीतल्या खर्चाची आंतरराष्ट्रीय सूत्रे भारतीयांना लावली की आकडा जास्त येतो, म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आहारविषयक शिफारशींत तो कमी धरला आहे. परदेशी आकडे भाषांतर करून छापले, की हा फरक आपल्या वाचकाच्या ताटात उतरतो.

संपादक महोदय, आपली पुरवणी आमच्या गटात हातोहात फिरते, कात्रणे फ्रिजवर लागतात. वहिनींसारखी माणसे त्यावरून काय खायचे ते ठरवतात, इन्सुलिन घेणारेही त्यांत आहेत. म्हणून विनंती अशी : पुढच्या वेळी चौकटीत ५०, ६५ आणि ८० किलो असे तीन रकाने करावेत, बसल्या जागी लागणारा खर्च वजा करावा, चालण्याचा वेग किंवा उड्यांची गती लिहावी आणि आकड्यांमागे ‘सुमारे’ लावावे. चालणे, जिने, सायकल आणि दोरी यांचे असे कोष्टक मी करून ठेवले आहे. आपण कळवल्यास सातारा कार्यालयात आणून देईन. छापण्यापूर्वी ते एखाद्या आहारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

– एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, सातारा