रविवारची श्रवणबैठक: चंगीझ खान, भाग ४ ते ६

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसायचं आहे. चंगीझ खानवरच्या श्राव्यमालिकेचे भाग ४ ते ६ घरूनच ऐकून या. बैठकीत फक्त ओत्रार या मध्य आशियातल्या शहराचा प्रसंग पुन्हा लावू. १२१८ साली चंगीझने पाठवलेला सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा तांडा ओत्रारच्या सुभेदाराने हेर ठरवून कापून काढला, माल लुटला. दाद मागायला गेलेल्या चंगीझच्या दूतालाही ख्वारझमच्या शाहाने, म्हणजे ओत्रार ज्याच्या राज्यात होतं त्या राजाने, मारलं. दोन वर्षांत त्याची बुखारा आणि समरकंद ही शहरं चंगीझच्या हाती पडली. शेवटी शाहाचा मुलगा जलालुद्दीन १२२१ मध्ये घोड्यासकट सिंधू नदीत उडी टाकून निसटला. तो भाग मी भाजी निवडताना ऐकत होते, मेथी तशीच राहिली.

काही गोष्टी लक्षात असू द्या:

- मध्य आशियाचा नकाशा जवळ ठेवा. नुसतं ऐकून आमू आणि सीर या नद्यांचा हमखास घोळ होतो.
- वेग दीडपटीच्या वर नको. मागच्या वेळी दोघांनी दुप्पट वेगाने ऐकलं आणि जोची-चगताई या चंगीझच्या मुलांची अदलाबदल करून वाद घातला!
- ‘खान’ ही पदवी आहे. तेमुजिन (चंगीझचं मूळ नाव) मुसलमान नव्हता, तेव्हा ती चर्चा पुन्हा नको.
- मालिका ऐकायचं एकाचं खातं पाचजणांत फिरवू नका. ज्यांना खातं घेणं जमत नाही त्यांनी मला सांगावं, इथे स्पीकरवर ऐकायची सोय करते.

येणार की नाही ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा. चहा आहे, खायचं ज्याने त्याने आणावं.